पूररेषेतली बाग

गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडाला, की वरच्या अंगाला असलेल्या गोदा पार्कचंही काही खरं नसतं. नाशिककर पुराचा अंदाज या मूर्तीवरूनच घेतात: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं.

गंगापूर धरण शहराच्या अगदी उशाशी आहे. त्र्यंबकच्या डोंगरात पाऊस लागून राहिला आणि धरण भरत आलं, की दरवाजे उचलावे लागतात. दहा हजार क्युसेकचा विसर्ग म्हणजे सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर पाणी; दहा हजार लिटरचे २८ टँकर एका सेकंदात रिते व्हावेत, तसं. एवढं पाणी पुढे न्यायचं तर नदीला वेग वाढवावा लागतो आणि अंगही पसरावं लागतं. पात्र भरलं की ती काठच्या सखल पट्ट्यात शिरते. गोदा पार्क याच पट्ट्यात वसवला आहे.

पसरलेलं पाणी मंदावतं, त्यामुळे पुराची पातळी सावकाश चढते. म्हणून काठावरची मोकळी बाग शहराच्या उपयोगाचीच असते. भराव टाकून, भिंत घालून ती 'वाचवली', तर तेच पाणी समोरच्या काठावर जादा चढेल.

ऑगस्ट २०१६ च्या पुरात गोदा पार्कची मोठी हानी झाली. पूर ओसरल्यावर अशा बागेत नीट पाहावं. जाळीच्या कुंपणात पाणवेली, चिंध्या, प्लास्टिक अडकून त्याची जवळजवळ भिंत झालेली असते. पाण्याचा सगळा रेटा तिच्यावर येतो आणि लोखंडी खांब वाकतात. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. पायवाटेची एक फरशी निखळली, की पाणी खाली शिरून शेजारच्या फरश्या उचकटत जातं. हरळी मात्र प्रवाहात आडवी पडते, पात्यांनी जमीन झाकते आणि मुळांच्या जाळ्यानं माती धरून ठेवते. वरचा गाळ काढला, ऊन लागलं, की पुन्हा फुटते. करंज, उंबर, जांभूळ ही तर नदीकाठचीच झाडं. मुळं काही दिवस पाण्यात राहिली तरी तगतात.

तेव्हा इथे हिरवळ, काठची झाडं आणि साध्या मातीच्या वाटाच असाव्यात. विजेच्या पेट्या, कारंजी, पक्की बांधकामं यांवर पूररेषेच्या आत खर्च करणं म्हणजे लोकांचा पैसा नदीत सोडणं आहे.

आणि नाशिककरांनो, धरणातून किती पाणी सोडलं, एवढंच पाहून निर्धास्त राहू नका. धरणाच्या खाली पडणारा पाऊस आणि शहरातले नाले त्यात भर घालतात. होळकर पुलाजवळचा विसर्गाचा आकडा विचारा. तो वाढू लागला, की गोदाकाठी लावलेली गाडी आधी हलवा. फूटभर वाहतं पाणीही लहान मोटार उचलू शकतं. पुराचे फोटो काढायला तर खाली उतरूच नका.