ज्योतीवर गार होणारा फ्रीज

परदेशात काही लोक गाडीतच घर करून हिंडतात. त्यांच्याकडे बॅटरी आणि गॅस दोन्हींवर चालणारा फ्रीज असतो. टपावरची सोलर प्लेट बॅटरी भरते. पण हा फ्रीज बॅटरी लवकर संपवतो, म्हणून गाडी उभी केली की गॅस पेटवतात.

ज्योतीने गारवा कसा? नळीतला अमोनिया तापून पाण्यातून वेगळा होतो, निवून पातळ होतो आणि परत उडताना आतली उष्णता घेतो. आपला माठही पाणी उडूनच गार होतो.

मात्र जळालेला वायू बाहेर सोडावाच लागतो. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साठला तर झोपेतच जीव जातो. त्याला वास नसतो. गळलेला गॅस जड असतो, खाली बसतो. म्हणून टाकीच्या कप्प्याला तळाशी भोक ठेवतात.

घरीही गॅसचा वास आला तर बटण दाबू नका, काडी ओढू नका. दारं उघडा!