अतिसाराच्या जंतूंचा शोध

लहान मुलास जुलाब होऊं लागले कीं घरांतील वडील मंडळी कधीं आंब्यास, कधीं बाजारच्या मिठाईस, तर कधीं नव्या दांतांस दोष देतात. परंतु खरा अपराधी बहुधा डोळ्यांस दिसतच नाहीं. तो कसा ओळखावा, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

जुनी रीत म्हणजे मळाची सूक्ष्मदर्शकानें तपासणी करणें, किंवा त्यांतील जंतु पोषक द्रव्यावर वाढविणें. इ. स. १८८४ मध्यें रॉबर्ट कॉक यांनीं कलकत्त्यास पटकीचा जंतु असाच वाढवून ओळखला. परंतु या रीतीस दोन-तीन दिवस लागतात, आणि विषाणु तर अशा द्रव्यावर वाढतच नाहींत.

प्रत्येक जंतूच्या अंगीं त्याचा वंशलेख असतो. कॅरी मुलिस यांनीं १९८३ सालीं काढलेली 'पीसीआर' ही युक्ति तोच लेख वाचते. उष्णतेनें त्याचा दुपेडी धागा उकलतो. निवल्यावर आपणांस हव्या त्या जंतूशींच जुळणारे लहान तुकडे त्यास चिकटतात. मग एक विकर उरलेला पेड भरून काढतें. एकाचे दोन, दोहोंचे चार, याप्रमाणें तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात! हें सारें कांहीं तासांत घडतें.

आफ्रिका व आशिया खंडांतील सात ठिकाणीं, त्यांत कलकत्ताही आलें, मुलांच्या अतिसाराची मोठी पाहणी झाली होती. तिच्यांतील नमुने पुन्हां या रीतीनें तपासले. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें, पूर्वीं सुमारें निम्म्या दुखण्यांचें कारण कळत होतें, तें आतां दहांपैकीं जवळजवळ नवांचें कळलें. त्यांत शिगेला जंतूचा वाटा सर्वांत मोठा ठरला.

तथापि ही परीक्षा सर्वज्ञ नव्हे. मेलेल्या जंतूचा लेखही ती वाचते, आणि निरोगी मुलाच्या पोटांतही जंतु असूं शकतात. म्हणून जंतु किती आहेत, हेंही मोजावें लागतें. कोणतें औषध लागू पडेल हें पाहण्यास जंतु वाढविणेंच अजून उपयोगी पडतें. विषाणूवर जंतुनाशक औषध व्यर्थ होय, आणि रक्तयुक्त हगवणीस मात्र तें बहुधा हवें असतें. हा भेद न कळतां दिलेलें औषध जंतूंस निगरगट्ट करतें.

पालकांस आमची एकच विनंति आहे. परीक्षेची वाट पाहत बसूं नये. अतिसारांत बालक दगावतें तें बहुधा अंगांतील पाणी आटल्यानें. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत साखर सहा सपाट चहाचे चमचे व मीठ अर्धा चमचा घालून तें घोट घोट पाजावें. मळांत रक्त दिसल्यास, किंवा मूल सुस्त पडल्यास, तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. आणि विद्यार्थिमित्रांनो, जेवणापूर्वीं साबणानें हात धुवावे; मग या अपराध्याचा माग काढण्याची वेळच क्वचित् येईल.