जुन्या कन्व्हर्टर चिपचा बाजार : छाप पाहू नका, माल कुठून आला ते विचारा

बंद पडलेला सीडी प्लेअर भंगारवाला वजनावर घेतो. पण त्याच प्लेअरच्या पोटात कधी कधी बोटाच्या दीड पेराएवढी एक काळी चिप असते आणि तिच्यासाठी हौशी गिऱ्हाईक मागाल तो भाव द्यायला तयार असते. रेडिओ, टेप आणि ॲम्प्लिफायरची दुरुस्ती करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंनी व सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांनी हा धंदा नीट समजून घ्यावा. यात कमाई आहे, पण डोळे मिटून उतरणाऱ्याची पत बुडेल असा दगाही आहे.

ही चिप करते काय?

मागावर जकार्डच्या कार्डाला भोके असतात. भोके म्हणजे नक्षी नव्हे. त्यांचा हुकूम वाचून जकार्ड धागे उचलते, तेव्हा नक्षी उमटते. सीडीवरही गाणे नसते, आकडे असतात. डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे, आणि प्रत्येक आकड्याला ६५,५३६ पायऱ्या. हे आकडे वाचून त्यांचा विजेचा प्रवाह बनवणारी चिप म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, बाजारातल्या बोलीत 'डॅक'.

सीडी १९८२ साली बाजारात आली. १९८५ च्या सुमारास हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने टीडीए १५४१ ही सोळा-बिटची, २८ पायांची चिप काढली. पाठोपाठ सुधारलेली टीडीए १५४१ए आली. १९९० च्या आसपास खुद्द फिलिप्सनेच एक-बिटची 'बिटस्ट्रीम' पद्धत आणली आणि जुनी चिप मागे पडली. आज तिचे उत्पादन बंद आहे. पण घरी स्वतःच्या हाताने ऑडिओ यंत्र बांधणारे हौशी लोक तिच्या आवाजावर फिदा आहेत. बर-ब्राउन कंपनीच्या पीसीएम ६३ आणि पीसीएम १७०४ या चिपनाही अशीच मागणी आहे. कारखाना बंद आणि मागणी चालू, म्हणजे भाव चढणारच. भाव चढला की नकली माल आलाच.

नक्कल कशी होते?

पहिला प्रकार सरळ आहे. भलत्याच स्वस्त चिपची पाठ घासायची, वर काळा थर द्यायचा आणि महागडा नंबर छापायचा. अशी चिप बोर्डावर बसवली की आवाजच येत नाही, तेव्हा चोरी लगेच कळते.

दुसरा प्रकार जास्त घातक आहे. फिलिप्स आपल्या चिप मोजून त्यांतल्या अधिक काटेकोर नगांवर मुकुट छापत असे. एक मुकुट म्हणजे एस१, दोन मुकुट म्हणजे एस२. आता साध्या पण अस्सल टीडीए १५४१ए वरच कोणी मुकुट छापला, तर चिप वाजते, गिऱ्हाईक खूश होते आणि फसवणूक वर्षानुवर्षे उघड होत नाही. मुकुटाचा गुण डोळ्यांनी दिसत नाही. तो यंत्रावर मोजावा लागतो. म्हणून नुसत्या छापासाठी जादा पैसे मोजू नयेत.

यात फक्त छोटे लोक फसतात असे नाही. २०१२ साली अमेरिकेच्या सिनेटच्या सशस्त्र सेना समितीने लष्करी सामानातल्या बनावट सुट्या भागांवर अहवाल दिला. त्यात सुमारे १,८०० प्रकरणे आणि दहा लाखांहून अधिक संशयित नग नोंदले होते. माग काढला तेव्हा बराच माल चीनमधून आल्याचे निघाले. एवढी मोठी फौज फसते, तर दुकानदाराने तपासणीचा कंटाळा करून कसे चालेल?

पारख कशी करावी?

१) भिंगाखाली पाठ पाहावी. एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसले, किंवा साच्याचे गोल खळगे रंगाने भरलेले दिसले, तर पाठ घासलेली आहे. वरचा आणि खालचा पोत वेगळा असेल तरी संशय घ्यावा.

२) कापसाच्या बोळ्यावर थोडे ॲसिटोन घेऊन कोपरा पुसावा. बोळा काळा झाला तर वरचा थर नंतर दिलेला आहे. मात्र बोळा स्वच्छ राहिला म्हणून माल खरा ठरत नाही.

३) छापाचा हिशेब जुळवावा. फिलिप्सचा चिप-धंदा २००६ साली एनएक्सपी या नावाने वेगळा झाला. चिपवर एनएक्सपीचे नाव आणि १९८९ ची तारीख असेल, तर छापणाऱ्याला इतिहास ठाऊक नव्हता एवढेच सिद्ध होते.

४) पाय पाहावेत. कोऱ्या चिपचे पाय किंचित बाहेर फाकलेले असतात. सरळ केलेले, कथिलाचा ताजा मुलामा दिलेले पाय म्हणजे काढलेला माल.

५) शेवटची कसोटी बोर्डावर. २८ पायांचे सॉकेट लावलेला एक चालू बोर्ड दुकानात ठेवावा. टीडीए १५४१ए ला अधिक ५, उणे ५ आणि उणे १५ असे तीन व्होल्टेज लागतात. ते आधी मीटरने तपासावेत, मगच चिप बसवावी. गिऱ्हाइकासमोर वाजवून द्यावी.

खरा माल कुठे आहे?

खात्रीचा माल जुन्या यंत्रातच आहे. सीडी प्लेअर बहुधा लेझर, मोटर किंवा रबरी पट्ट्यामुळे बंद पडतो. चिप शाबूत राहते. फिलिप्सच्या सीडी ६५० मध्ये टीडीए १५४१, तर मॅरँट्झच्या सीडी ९४ मध्ये टीडीए १५४१ए बसवलेली असे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांची दुकाने आहेत, चोर बाजारात जुनी यंत्रे येतात. सुटी चिप घेण्यापेक्षा बंद प्लेअर घ्यावा, झाकण उघडून चिप पाहावी, जागेवरच तिचा फोटो काढावा आणि मगच ती काढावी. घाई करून तापवू नये. पायाखालची पट्टी उखडते, चिपही जळते. काढलेली चिप साध्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकू नये, वीज वाहणाऱ्या काळ्या फोममध्ये टोचून ठेवावी.

विकताना बिलावर स्पष्ट लिहावे : 'वापरलेली, अमुक मॉडेलमधून काढलेली, तपासलेली'. सोबत फोटो द्यावा. काही बंधूंना वाटते की 'वापरलेली' लिहिले तर भाव पडेल. पण ज्या चिपचे उत्पादनच बंद आहे, ती ढिगाने 'कोरी' कुठून येणार, हा प्रश्न जाणकार गिऱ्हाईक आधी विचारते. समजा, एखाद्याने सहा महिने खपून यंत्र बांधले आणि तुमच्या चिपने दगा दिला. तो पैसे परत मागायला येईल, पण माल घ्यायला पुन्हा येणार नाही आणि त्याचे मित्रही येणार नाहीत. हौशी लोकांची बिरादरी लहान असते, बातमी तासाभरात पसरते.

छाप कोणीही उठवू शकतो. माल कुठून आला हे खरे सांगणारा दुकानदार मात्र थोडाच सापडतो, आणि गिऱ्हाईक त्यालाच धरून राहते.