घरीं जुळविलेला संगणक

बारावीची परीक्षा आटोपून आठवडाहि लोटला नव्हता, तोंच आमच्या कन्येनें जाहीर केलें कीं, संगणक दुकानांतून तयार आणावयाचा नाहीं. सुटे भाग आणून तो ती स्वतः जुळविणार. पैसे होते सासूबाईंचे. शिक्षिकेच्या निवृत्तिवेतनांतून त्यांनीं नातीसाठीं वर्षानुवर्षें ते बाजूस ठेविले होते. एखादा भाग हातून बिघडला असता, तर तो पुन्हा आणावयास घरांत दुसरी रक्कम नव्हती.

‘पूर्वीं कोणी केलें नाहीं तें आपण कशास करावें?’ असें मीं विचारतांच तिनें ‘टिफ्रॅक’ची हकीकत सांगितली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत हा संगणक आपल्याच लोकांनीं बांधिला. १९५६ सालीं त्याचें लहान प्रायोगिक रूप व १९६० सालीं पूर्ण यंत्र सिद्ध झालें. प्रमुख आर. नरसिंहन यांचा अपवाद सोडल्यास, त्या मंडळींपैकीं कोणी पूर्वीं संगणक वापरलेलाहि नव्हता! २,७०० निर्वात नळ्या, १२,५०० रोधक, आणि स्मृतीसाठीं तारांत ओंवलेल्या बारीक फेराइटच्या कड्या. तिनें आणलेल्या १६ जीबीच्या रॅमच्या एका पट्टींत त्या स्मृतीच्या सोळा लक्षांहून अधिक पट मजकूर मावतो. मी गप्प बसलें.

कोथरुडांतील आमच्या घरीं जेवणाचें टेबल मोकळें झालें. चैत्रांतल्या कोरड्या हवेंत अंगावर साठलेली वीज नाजुक भागांस मारक ठरते, म्हणून ती प्रत्येक वेळीं आधीं कॅबिनेटच्या पत्र्यास हात लावी. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोणी खूण मदरबोर्डावरील खुणेशीं जुळवून तिनें तो अलगद ठेविला. जोर बिलकुल लावावयाचा नाहीं. त्यावर वाटाण्याएवढा लेप, आणि लेपावर पंखा. मदरबोर्डाची पाठ पत्र्यास टेकूं नये म्हणून त्याखालीं पितळेचे लहान पाये असतात, हें मला त्या दिवशीं प्रथमच कळलें.

रात्रीं दहाच्या सुमारास बटण दाबलें. पंखे फिरूं लागले; पडदा मात्र काळा! पुन्हा दाबलें, पुन्हा काळा. पोरीचा चेहरा उतरला. माझ्या मनांत रकमेचा हिशेब सुरू झाला, हें कबूल करावयास हवें. सासूबाई मात्र खुर्ची ओढून जवळ येऊन बसल्या. ‘‘अगं, कुकरचं झांकण नीट बसलं नाहीं कीं शिटी होत नाहीं. सगळं बसलंय का बघ.’’

तिनें वीज तोडून एकेक जोड तपासला. रॅमच्या पट्टीचें एक टोंक खांचेंत किंचित् वर राहिलें होतें. मोडेल या भीतीनें तिनें तें हलकेंच दाबलें होतें. प्रोसेसरला जो जोर वर्ज्य, तोच या पट्टीला आवश्यक असतो! ‘‘आजी, मोडली तर?’’

‘‘दाब तूं.’’

तिनें डोळे मिटून दोन्ही अंगठ्यांनीं दाबलें. टक्‌ असा आवाज झाला, खटका मिटला. या खेपेस पडद्यावर पांढरीं अक्षरें उमटलीं व रॅमच्या नांवापुढें आंकडा आला : १६३८४.

सासूबाईंनीं चष्मा पुसून तो दोनदां वाचला. मग म्हणाल्या, ‘‘यावर मला मराठी लिहितां येईल का गं?’’

दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत टेबल रिकामें झालें नाहीं. आम्हीं जमिनीवर पानें मांडून जेवलों.