नाक्यावर अडलेला बाजार

अहेरीहून माल भरून भामरागडकडे बाजाराला निघालेल्या व्यापाऱ्याला वेळ फार थोडा मिळतो. जंगलातील खेड्यापाड्यांतून पायी आलेले गिऱ्हाईक दिवस मावळण्याच्या आत परतीच्या वाटेला लागते. अशा वेळी नाक्यावर गाडी दोन तास उभी राहिली, तर त्या दिवसाचा धंदा बुडालाच. पुढचा बाजार आठ दिवसांनी. दंड झाला तर त्याची निदान पावती मिळते. या तोट्याची पावती कोणी देत नाही.

पोलिसांची अडचण आम्हाला समजत नाही असे नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधीच आंध्रातून नक्षलवादी दलम या जंगलात उतरले होते. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा बडा नेता भूपती याने सुमारे ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. तरी नाके लगेच उठतील असे समजू नये. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, प्राणहितेपलीकडे तेलंगणात ती नाही, आणि शेजारच्या चंद्रपुरातील बंदीही २०२१ मध्ये उठली. तेव्हा झडती होणारच.

प्रश्न आहे तो झडती कशी होते याचा. आतल्या रस्त्यावरचा दुकानदार वर्षानुवर्षे दोन्हीकडून अडवला गेला. जंगलात बंदूकवाल्याने थांबवले तर नाही म्हणण्याची सोय नव्हती, आणि बाहेर आल्यावर ‘त्यांना काय दिलेस?’ हा सवाल ठरलेला. टाडा कायदा १९९५ मध्ये संपला, पण संशयाची ती सवय कायद्याबरोबर संपली नाही. औषधे, सेल, जाड बूट किंवा हिरवे कापड जरा जास्त दिसले की प्रश्न वाढतात. त्यात नाव आपले असेल तर आणखी दोन प्रश्न जादा येतात, हा अनुभव अनेक बंधू सांगतात.

अशा वेळी आवाज चढवून उपयोग नाही, हात जोडूनही नाही. कागद बोलला पाहिजे. ठोक व्यापाऱ्याकडून पक्के बिल घ्या. कच्च्या चिठ्ठीवर चार पैसे वाचतात खरे, पण नाक्यावर ती चिठ्ठी कोणी मानत नाही. गाडीचा परवाना आणि कागद मागण्याचा अधिकार गणवेशातील पोलिसाला आहे. हे कागद सरकारी डिजिलॉकरमध्ये मोबाइलवर दाखवले तरी २०१८ पासून चालतात. मूळ लायसन्स ठेवून घेतले तर तशी पोच लेखी मागावी. ती देणे कायद्याने बंधनकारक आहे. आलापल्लीचे सागवान घेणाऱ्या आमच्या सुतार बंधूंनी वाहतुकीची टी.पी. लाकडाबरोबरच ठेवावी. ती घरी राहिली की लाकूड चोरीचे ठरायला वेळ लागत नाही.

जनावरांच्या व्यापाऱ्यांचे दुखणे वेगळे आहे. २०१५ च्या कायद्याने गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यासाठी गाडी थांबवून तपासण्याचा अधिकार उपनिरीक्षक व त्यावरील पोलिसांना, किंवा शासनाने रीतसर नेमलेल्या माणसाला आहे. रस्त्यात आडवे येणाऱ्या टोळक्याला तो नाही. २०२५ मध्ये राज्यातील कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदी बंद ठेवली, ती याच तक्रारीवरून. आरोपीनेच आपले निर्दोषत्व सिद्ध करावे, हे त्या कायद्यातील कलम मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी रद्द केले आहे. बकऱ्या-मेंढ्यांना हा कायदा लागूच नाही. मात्र त्या गाडीत कोंबून भरल्या, तर प्राण्यांच्या छळाचा कायदा लागतो आणि तिथे आपली बाजू लंगडी पडते.

आता चहापाण्याचे. शंभर-दोनशे देऊन सुटका करून घेणे सोपे वाटते, आणि पुढच्या आठवड्यात तोच भाव ठरून जातो. रिश्वत देणारा आणि घेणारा दोघेही गुनाहगार, हे आपल्याला दीनने शिकवले आहे. देशाचा कायदाही २०१८ पासून देणाऱ्याला गुन्हेगार धरतो. जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवले, तरच देणारा सुटतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा फोन क्रमांक १०६४ आहे.

पोलिसांनी ठाण्यात नेलेच तर? डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घातलेले नियम आता १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत आले आहेत. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसले पाहिजे, अटकेचा कागद साक्षीदाराच्या सहीने झाला पाहिजे, घरच्यांना खबर गेली पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. कोठडीतील माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याची कमाई कितीही असो. बायकांना चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांच्या राहत्या घरीच जावे लागते. याच जिल्ह्यातील देसाईगंजच्या ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर जे ओढवले, त्यावरून देशभर रान उठले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला, हे आपल्या भागात तरी विसरले जाऊ नये.

माल किंवा गाडी जप्त झाली तर पंचनाम्याची यादी नीट वाचूनच सही करावी. वस्तूंची संख्या कमी लिहिली असेल तर तिथेच सांगावे. आता जप्तीचे चित्रीकरणही करावे लागते. गाडी ठाण्याच्या आवारात गंजत पडू देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये एका गुजरातच्या खटल्यात सांगितले आहे. तेव्हा खटला संपण्याची वाट न पाहता सुपूर्तनाम्यावर सोडवण्यासाठी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. अर्जाला बिल आणि गाडीचे कागद जोडावेत. वकिलाला भेटायला जाताना त्यांच्या झेरॉक्सचे दोन संच बरोबर असू द्यावेत.