कुत्र्याचा खेळ, मालकाची जबाबदारी

अडथळ्यांवरून उडी, बोगद्यातून धाव, काठ्यांमधून नागमोडी वळणे आणि सोबत धावणारा मालक, असा हा ‘डॉग अ‍ॅजिलिटी’चा खेळ. घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून बेतलेला हा प्रकार १९७८ मध्ये लंडनच्या ‘क्रफ्ट्स’ प्रदर्शनात दाखवला गेला. जामनेरमध्ये अंगणातही दोन विटांवर काठी ठेवून त्याचा सराव करता येतो. मात्र खान्देशचे ऊन विसरून चालणार नाही.

माणसाचे शरीर घामाने थंड होते. कुत्र्याला घाम मुख्यतः पंजांनाच येतो. त्याची भिस्त धापा टाकण्यावर. शिवाय मालकासाठी तो दमला तरी धावतो. म्हणून कधी थांबायचे, हे मालकानेच ठरवावे.

उन्हाळ्यात सराव पहाटेच करावा. तळहाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवता येत नसेल, तर पंजेही भाजतील. न थांबणाऱ्या धापा, चिकट लाळ, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे. अशा वेळी सावलीत न्यावे, अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे.

पिल्लाला उंच उड्या नकोत. त्याची हाडे वाढत असतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही १८ महिन्यांखालील कुत्र्याला प्रवेश नसतो.