बाळाचे डब्याचे दूध आणि आणीबाणीतले पाणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाण्याचा दाब घसरला की काय होते, हे छत्तीसगडमधल्या भिलाईला वेगळे सांगावे लागत नाही. 12 जून 2014 रोजी तिथल्या पोलाद कारखान्याच्या पंपहाऊस क्रमांक 2 मध्ये बिघाड झाला, दाब पडला आणि झोतभट्टीच्या वायुशुद्धीकरण यंत्रणेतून कार्बन मोनॉक्साइड पसरला. सहा जणांचा जीव गेला. घरच्या नळामागचे तत्त्वही याच जातीचे आहे. जलवाहिनीत दाब असतो तोवर गळक्या सांध्यातून पाणी बाहेर झिरपते. वीज जाऊन पंप थांबले की त्याच सांध्यातून शेजारच्या गटारातली घाण आत ओढली जाऊ शकते. मग पाणी शिवनाथ नदीचे असो की कारखान्याच्या टाउनशिपला येणारे मरोदा जलाशयाचे, शुद्धीकरण केंद्रातून ते स्वच्छ निघाले होते एवढ्याने भागत नाही. पूर, वादळ किंवा मोठ्या पुरवठाबंदीनंतर डब्याच्या दुधावरच्या बाळासाठी पाणी कुठून आले यापेक्षा दूध कालवण्याआधीच्या अर्ध्या तासात त्या पाण्याचे काय केले, हे अधिक महत्त्वाचे असते. या विषयातले बहुतेक गैरसमज हा फरक लक्षात न घेतल्याने होतात.

पहिला गैरसमज असा, की नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, पण जंतू आणि विषाणू सगळे बसत नाहीत. फडक्याने गाळण्याचा उपयोग नाही असे मात्र म्हणता येत नाही. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये बांगलादेशातील गावांत दाखवले, की जुन्या साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळल्यास पटकीचे रुग्ण जवळपास निम्मे होतात. कारण पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक प्लवकांना चिकटलेले असतात आणि प्लवक कापडात अडकतात. पण निम्मे रुग्ण तरीही उरतात, आणि कावीळ पसरवणाऱ्या विषाणूंना साडीचा अडथळा नसतो. तेव्हा गाळणे आणि तुरटी ही उकळण्याआधीची तयारी समजावी. ती उकळण्याची जागा घेऊ शकत नाही.

दुसरा गैरसमज उकळण्याबद्दलचा. ‘वीस मिनिटे खदखदवले की सगळे मरते’ असे सांगितले जाते. भिलाई समुद्रसपाटीपासून जेमतेम 300 मीटरवर आहे. इथे पाण्याला खळाखळा उकळी आली आणि ती एक मिनिट टिकली की पुरे. इंधनाची टंचाई असताना उरलेली एकोणीस मिनिटे वायाच जातात. दुसरीकडे, कितीही उकळले तरी न जाणारी गोष्ट म्हणजे विरघळलेली रसायने. शिवनाथच्या वरच्या खोऱ्यात, अंबागड चौकीजवळच्या कौडीकसा परिसरात भूजलात आर्सेनिक आढळल्याची नोंद जुनी आहे. असे पाणी आटवत गेल्यास त्यातले आर्सेनिक उलट दाट होते. नायट्रेटचेही तसेच. म्हणून ज्या हातपंपाच्या पाण्यात रसायने असल्याची नोंद आहे, त्याचे पाणी उकळूनसुद्धा बाळाला देऊ नये.

तिसरा गैरसमज सर्वांत घट्ट आहे : सीलबंद बाटलीचे किंवा आरओचे पाणी असले की उकळायची गरज नाही. यात धोका फक्त पाण्यात असतो असे गृहीत धरलेले असते. डब्यातली पावडर मुळात निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जंतू क्वचित, पण सापडतात. क्रोनोबॅक्टर नवजात बाळाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2007 च्या मार्गदर्शक सूचनांत पाणी किमान 70 अंश सेल्सिअस असताना पावडर घालायला सांगितले. पावडरमधले जंतू मारायचे काम या उष्णतेचे असते. थर्मामीटर नसल्यास साधारण लिटरभर पाणी उकळून झाकून ठेवावे आणि अर्ध्या तासाच्या आत वापरावे. मग भांडे थंड पाण्यात धरून दूध कोमट करावे, मनगटावर थेंब टाकून पाहावा आणि कालवल्यापासून दोन तासांत न संपलेले दूध टाकून द्यावे. दूध कालवल्यानंतर कोमट ठेवणे म्हणजे जंतूंना वाढायला वेळ देणे.

यावर एक रास्त आक्षेप येतो : काही डब्यांवरच पाणी कोमट करून घ्या असे छापलेले असते, शिवाय उष्णतेने जीवनसत्त्वे जातात. जीवनसत्त्व ‘क’ थोडे कमी होते हे खरे. पण दोन महिन्यांच्या आतल्या, मुदतपूर्व किंवा कमी वजनाच्या बाळासाठी तो तोटा आणि जंतुसंसर्ग यांची बरोबरी होत नाही. अशा बाळाबाबत डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. चमच्यांचे प्रमाण मात्र डब्यावरचेच पाळावे. साठा पुरवायला पावडर कमी घालून पाणी वाढवले तर बाळ उपाशी राहते आणि रक्तातले सोडियम धोकादायकरीत्या घसरू शकते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे : गॅस नाही, लाकडे भिजलेली, उकळायचे कशावर? क्लोरीनच्या गोळीने वेष्टनावरच्या प्रमाणात, सांगितलेला वेळ थांबून, बरेच जंतू मरतात; पण क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी टिकतात आणि पावडरमधले जंतू तर राहतातच. अगदी नाइलाज असेल तर सीलबंद पाण्यात एका वेळेपुरतेच दूध कालवून लगेच पाजावे. चूल पेटली की पहिली उकळी बाळाच्या पाण्यासाठी आणि भांड्यांसाठी राखावी. बाटलीचे बूच आणि कोपरे नीट घासले जात नाहीत, म्हणून वाटी-चमचा किंवा बोंडले बरे.

या सगळ्या खटाटोपाकडे पाहिले की आईच्या दुधाचे महत्त्व वेगळ्याच अर्थाने कळते. त्यात सुमारे 87 टक्के पाणीच असते. 45 अंशांच्या उन्हाळ्यातही सहा महिन्यांखालच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचे पाणी लागत नाही. ‘धक्क्याने दूध आटते’ हाही गैरसमजच. ताणामुळे दूध उतरायला वेळ लागतो, पण बाळ वारंवार लावले की ते येते. इंडोनेशियातील 2006 च्या योग्याकार्ता भूकंपानंतर मदत म्हणून दूधपावडर सरसकट वाटली गेली. ती मिळालेल्या लहान मुलांत जुलाबाचे प्रमाण न मिळालेल्यांच्या जवळपास दुप्पट आढळले. भारतात 1992 च्या कायद्याने असे फुकट वाटप अनाथालये वगळता निषिद्ध आहे, ते उगाच नव्हे. याचा अर्थ डब्यावरच्या बाळाच्या आईला दोष द्यावा असा नाही. ज्या बाळाला डब्यावाचून पर्याय नाही, त्याच्या घरी पावडरीआधी इंधन, झाकणाचे भांडे आणि स्वच्छ पाणी पोचले पाहिजे. मदतीच्या यादीत या तीन गोष्टी नसतील, तर नुसता डबा पाठवणे ही मदत नव्हे.